पक्क्या आणि कच्च्या वाटांसाठी मोटारसायकलचा जीपीएस निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात मोटारसायकल चालवणाऱ्याला एकाच दिवसात राष्ट्रीय महामार्ग, खाजनाचा (खाडीकाठच्या शेतजमिनीचा) बांध, फेरीबोट, खाणपट्ट्यातली लाल मातीची वाट आणि सह्याद्रीचा घाट हे सगळे भेटू शकते. पुढील उत्तरे अशा मिश्र प्रवासासाठी जीपीएस घेऊ पाहणाऱ्यांसाठी लिहिली आहेत. माझे मत आधीच सांगतो. खोक्यावर छापलेल्या वैशिष्ट्यांकडे पाहून जीपीएस घेऊ नये. आपल्या प्रवासातला सर्वांत कठीण तास डोळ्यांसमोर आणावा, म्हणजे मुसळधार पाऊस, ओले हातमोजे, नेटवर्क नाही आणि अंधार पडू लागलेला, आणि त्या तासाला जे उपकरण चालेल तेच घ्यावे.

फोनवर नकाशा असताना वेगळा जीपीएस कशाला घ्यावा?

पणजीहून मडगावला किंवा म्हापशाहून सावंतवाडीला जाण्यासाठी वेगळा जीपीएस घेण्याची गरज नाही. वाहतुकीची ताजी स्थिती, अचानक बंद झालेला रस्ता किंवा नव्याने उघडलेला पेट्रोल पंप या बाबतींत फोनवरचा नकाशा कोणत्याही स्वतंत्र उपकरणापेक्षा सरस असतो. गूगल मॅप्सने डिसेंबर २०१७ मध्ये भारतात दुचाकीसाठी वेगळा पर्याय सुरू केल्यापासून, मोटारींना न मानवणाऱ्या आडवाटाही तो सुचवतो.

अडचण येते ती ऊन, पाणी आणि कंपने यांमुळे. एप्रिल-मेच्या उन्हात पडदा पूर्ण उजळ ठेवून, चार्जिंग चालू असताना फोन हँडलवर राहिला, तर तो तापतो. आधी पडदा मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो आणि शेवटी बंद पडतो. पावसात पडद्यावर पडणारे थेंब त्याला बोटांच्या स्पर्शासारखे वाटतात, नकाशा आपोआप सरकतो, आणि चार्जिंगच्या छिद्रात पाणी गेले की तो वीज घेणेच नाकारतो. कंपनांबद्दल खुद्द अ‍ॅपलने सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर सूचना दिली की शक्तिशाली मोटारसायकलींच्या इंजिनाची तीव्र कंपने आयफोनच्या कॅमेऱ्यातील प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडवू शकतात. कंपने शोषणारे माउंट (उपकरण हँडलला घट्ट धरणारे जोड) बाजारात मिळतात आणि फोन हँडलवर लावणाऱ्याने ते घ्यावेतच.

माझ्या दृष्टीने यापेक्षाही मोठे एक कारण आहे. रानात पडल्यावर मदत मागण्याचे साधन म्हणजे फोन. तोच हँडलवर असेल आणि गाडी व्हाळात (ओढ्यात) आडवी झाली, तर नकाशा, संपर्क, पैसे आणि ओळखपत्रे एकाच वेळी जातात. वेगळा जीपीएस असला म्हणजे फोन खिशात, कोरडा आणि पूर्ण चार्ज केलेला राहतो.

वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच कच्च्या वाटेवर जाणाऱ्याने मात्र खर्च करण्याआधी घरात पडून असलेला जुना फोन वापरून पाहावा. त्यात सिम नसले तरी चालते. ओस्मअँड, ऑरगॅनिक मॅप्स किंवा लोकस मॅप यांपैकी एखादे अ‍ॅप आणि गोव्यासह शेजारच्या दोन राज्यांचे नकाशे घरीच उतरवून घ्यावेत.

मोबाइलचे नेटवर्क गेले की जीपीएसही बंद पडतो का?

नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संकेत पाठवतात आणि उपकरण ते फक्त ऐकते. किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ निघते. या कामासाठी सिम, डेटा किंवा मासिक शुल्क लागत नाही. नेटवर्क गेल्यावर फोन आंधळा होतो असे वाटते, कारण त्याच्याजवळ त्या भागाचा नकाशाच साठवलेला नसतो; निळा ठिपका बरोबर जागी असतो आणि त्याखाली राखाडी चौकोन दिसतात. चोर्ला घाटात किंवा नेत्रावळीच्या पुढे हा अनुभव अनेकांना येतो. नेटवर्कचा फायदा एवढाच की त्यामुळे फोनला पहिले स्थान लवकर सापडते. बराच काळ बंद असलेल्या स्वतंत्र उपकरणाला पहिल्या वेळी काही मिनिटे लागू शकतात, म्हणून ते निघण्यापूर्वी अंगणात, मोकळ्या आकाशाखाली सुरू करून ठेवावे.

डांबरी रस्ता आणि कच्ची वाट, दोन्हींसाठी एकच उपकरण चालते का?

चालते, परंतु प्रत्येक उपकरणाचा जन्म यांपैकी एका कामासाठी झालेला असतो आणि दुसरे काम ते थोडे नाइलाजानेच करते. गार्मिन या कंपनीची झूमो मालिका रस्त्यासाठी जन्मली. झूमो एक्सटीचा साडेपाच इंचांचा पडदा उन्हातही वाचता येतो, हातमोज्यांनी चालतो, वळणे आवाजाने सांगतो, आणि या पिढीपासून त्यात ट्रॅकवर, म्हणजे आधी नोंदवलेल्या वाटेच्या रेषेवर, चालण्याची सोयही बऱ्यापैकी आली. मोंटाना ७०० मालिका उलट बाजूने आली आहे. ती मुळात रानात हातात धरण्याचे उपकरण, पडदा पाच इंचांचा. योग्य पाळणा (उपकरण ज्यात बसवतात तो हँडलवरचा साचा) आणि रस्त्यांचा नकाशा दिला तर ती रस्त्यावरही दिशा दाखवते. तिसरा गट ईट्रेक्स आणि जीपीएसमॅप यांसारख्या लहान, बटणांच्या उपकरणांचा. त्यांचा पडदा लहान असतो, पण पाऊस आणि चिखल यांची त्यांना फिकीर नसते. ईट्रेक्स २२एक्स दोन साध्या पेन्सिल सेलवर २५ तासांपर्यंत चालतो, आणि ते सेल वाळपईतल्या कोणत्याही दुकानात मिळतात.

निवडीचा कस असा लावावा. प्रवासाचा बहुतेक भाग डांबरी असेल आणि शेवटचे काही किलोमीटरच कच्चे असतील, तर मोठ्या पडद्याचे, रस्त्याचे उपकरण घ्यावे. जे दिवस-दिवस कच्च्या वाटांवर असतात, ज्यांची गाडी हलकी आहे आणि वारंवार पडते, त्यांना लहान, बटणांचे उपकरण अधिक उपयोगी पडते. दुकानात मोठा पडदा नेहमीच आकर्षक वाटतो. परंतु दोनशे सीसीच्या गाडीच्या हँडलवर सहा इंचांचे उपकरण पहिल्याच पडझडीत दगडावर आपटते, हेही लक्षात घ्यावे.

रूट, ट्रॅक आणि वेपॉइंट यांत फरक काय, आणि तो एवढा महत्त्वाचा का?

कच्च्या वाटेवरच्या निम्म्या तक्रारी या एका गोष्टीच्या गैरसमजातून येतात, म्हणून हे उत्तर सविस्तर देत आहे. वेपॉइंट म्हणजे नकाशावरचा एक बिंदू: पंप, फेरीधक्का, झऱ्याची जागा. रूट म्हणजे अशा काही मोजक्या बिंदूंची माळ, जिच्या मधला रस्ता आपले उपकरण स्वतःच्या नकाशाप्रमाणे आणि स्वतःच्या सेटिंगप्रमाणे शोधते. ट्रॅक म्हणजे कोणीतरी प्रत्यक्ष चाललेल्या किंवा बारकाईने आखलेल्या वाटेवरचे शेकडो, हजारो बिंदू, ज्यांत शोधण्यासारखे काही उरलेलेच नसते. तिन्ही गोष्टी एकाच जीपीएक्स प्रकारच्या फाइलमध्ये असू शकतात, त्यामुळे फाइल मिळाली म्हणजे वाट मिळाली असे समजू नये.

समजा, मित्राने केप्याहून नेत्रावळीला जाण्यासाठी कुळागरांच्या (पोफळी-नारळाच्या बागांच्या) कडेने जाणारी आतली वाट आखून तिचा रूट पाठवला. त्याच्या नकाशात ती वाट आहे, आपल्या नकाशात नाही. आपले उपकरण फाइल उघडताच मधला मार्ग नव्याने काढते आणि सरळ मुख्य डांबरी रस्त्यावर नेते. आपल्याला त्याची कल्पनाही येत नाही, कारण पडद्यावरची रेषा तितकीच ठसठशीत असते. तीच वाट ट्रॅक म्हणून पाठवली असती, तर नकाशात रस्ता असो वा नसो, रेषा जशीच्या तशी दिसली असती. म्हणून कच्च्या भागासाठी नेहमी ट्रॅक मागावा आणि ट्रॅकच द्यावा. रस्त्याच्या भागासाठी रूट सोयीचा, कारण त्यात वळणाची सूचना मिळते आणि रस्ता चुकल्यास दुसरा मार्ग निघतो.

उपकरण घेताना विचारायचे प्रश्न यातूनच निघतात. ते ट्रॅक उघडते का, आणि मार्ग नव्याने न काढता उघडते का? रस्ता सोडल्यावर आपोआप नवा मार्ग काढण्याची सोय बंद करता येते का? ट्रॅकच्या रेषेचा रंग आणि जाडी बदलता येते का? हिरव्या रानाच्या नकाशावर हिरवीच रेषा धावत्या गाडीवरून दिसत नाही. रेषेपासून दूर गेल्यास आवाज होतो का? काही जुन्या उपकरणांत एका ट्रॅकमधल्या बिंदूंच्या संख्येवर मर्यादा असते आणि ती ओलांडली की ट्रॅकचे शेपूट मुकाट्याने कापले जाते. अशा वेळी संगणकावर बिंदू कमी करून घ्यावे लागतात. गूगल मॅप्समध्ये जीपीएक्स ट्रॅक थेट उघडून त्यावरून मार्गदर्शन घेता येत नाही, हे फोनवर विसंबणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आपला स्वतःचा ट्रॅक नोंदवण्याची सोय मात्र पहिल्या क्षणापासून चालू ठेवावी. चवथीच्या सुमारास गवत छातीएवढे वाढलेले असते, वाट मध्येच हरवते, आणि अशा वेळी आलेल्या रेषेवरून उलटे फिरता येणे ही जीपीएसची सर्वांत मोलाची सेवा ठरते.

गोव्यासाठी कोणता नकाशा घ्यावा?

उपकरणाच्या किमतीएवढाच विचार नकाशाचा करावा. परदेशातून आणलेल्या उपकरणात पुष्कळदा युरोपचा किंवा अमेरिकेचा नकाशा असतो आणि भारत म्हणजे दोन-चार महामार्गांच्या रेषा. विकत घेण्यापूर्वी भारताचा तपशीलवार नकाशा सोबत येतो का, तो किती वर्षे अद्ययावत मिळतो, आणि बाहेरचा नकाशा त्यात घालता येतो का, हे तिन्ही विचारून घ्यावे. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकसहभागाच्या प्रकल्पाचे नकाशे गार्मिनच्या उपकरणांसाठीही विनामूल्य मिळतात आणि मेमरी कार्डावर टाकता येतात. कच्च्या वाटांसाठी माझी पसंती त्यांनाच आहे, कारण त्यांत पायवाटा आणि शेतरस्ते आढळतात. त्यांचा कस मात्र त्या भागात कोणी स्वयंसेवक फिरला आहे की नाही यावर ठरतो. एका गावात बांधावरची वाटही असते आणि पलीकडच्या गावात मुख्य रस्ताही अर्धवट असतो.

गोव्यात काही खास गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली फेरीबोट. नकाशाच्या हिशेबात फेरी हा रस्त्याचाच तुकडा असतो, त्यामुळे रायबंदर ते चोडण किंवा पेडण्यातले केरी ते तेरेखोल अशा मार्गावर उपकरण निर्धास्तपणे नदीच्या काठावर नेऊन सोडते, मग शेवटची फेरी निघून गेलेली असो. रात्रीच्या प्रवासात सेटिंगमधून फेरी टाळण्याचा पर्याय निवडावा आणि दिवसा तो काढावा, कारण दिवाडी-चोडणचा प्रवास फेरीशिवाय करण्यात मजा नाही. दुसरी गोष्ट मांडवीवरचा अटल सेतू. २०१९ मध्ये खुल्या झालेल्या या पुलावर दुचाकींना मनाई आहे. मोटारीच्या हिशेबाने मार्ग काढणारा जीपीएस मात्र त्यावर चढायला सांगतो. अशा वेळी फलक मानावा, पडदा नव्हे, आणि जुन्या पुलावरून जावे.

तिसरी गोष्ट गावांच्या नावांची. एक केरी पेडण्यात समुद्रकाठी आहे, दुसरे सत्तरीत चोर्ला घाटाच्या पायथ्याशी आणि तिसरे फोंडा तालुक्यात. नुसते नाव टाकून निघणारा माणूस राज्याच्या भलत्याच टोकाला पोहोचू शकतो. शिवाय नकाशात बहुतेक गावे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या रोमन स्पेलिंगने नोंदलेली असतात. साखळी, डिचोली, काणकोण, केपे ही नावे उच्चाराप्रमाणे टाइप केल्यास अनेक उपकरणांना सापडत नाहीत. वारंवार लागणारी ठिकाणे वेपॉइंट म्हणून साठवून त्यांना आपल्या ओळखीची नावे द्यावीत.

खाणपट्ट्यातल्या वाटा नकाशात स्पष्ट दिसतात. त्यावरून जावे का?

दिसतात म्हणून जाऊ नये. पिसुर्ले, वेळगे, कुडणे किंवा रिवण-कावरे परिसरातल्या रुंद लाल वाटा उपग्रहचित्रात महामार्गासारख्या भासतात, परंतु त्यांतल्या अनेक वाटा खाणीच्या हद्दीतल्या खासगी वाटा आहेत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यानंतर कित्येक वाटांवर झाडी वाढली, काहींच्या कडा पावसाने खचल्या, तर पुढे लिलाव होऊन सुरू झालेल्या पट्ट्यांवर पुन्हा ट्रक धावू लागले. वाट जिथे संपते तिथे पुष्कळदा पाण्याने भरलेला खोल खंदक असतो आणि नकाशावर त्याची खोली दिसत नाही. अशा भागात जुना ट्रॅक आणि नवी खात्री दोन्ही हवीत. गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अभयारण्यातून जाणारा ट्रॅक मिळाला आहे. तो वापरता येईल का?

म्हादई आणि नेत्रावळी ही दोन्ही अभयारण्ये १९९९ मध्ये घोषित झाली. भगवान महावीर आणि खोतीगाव मिळून गोव्याच्या पूर्वेकडची जवळजवळ सलग पट्टी संरक्षित आहे. सार्वजनिक डांबरी रस्ता सोडून आत शिरण्यासाठी वन खात्याची परवानगी लागते, आणि कोणीतरी आधी ट्रॅक नोंदवला आहे हा परवानगीचा पुरावा नव्हे. जीपीएसचा इथला चांगला उपयोग म्हणजे अभयारण्याच्या हद्दी नकाशावर दाखवणारा थर सुरू ठेवणे, ज्यामुळे नकळत हद्द ओलांडली जात नाही. मला हा भाग मनापासून प्रिय आहे आणि जो ट्रॅक उघड्यावर टाकल्याने तिथे गाड्यांची रांग लागेल, तो कोणीही इतरांना वाटू नये अशी विनंती आहे.

पडदा कसा असावा?

साध्या फोनसारखा मागून उजळणारा पडदा भर दुपारी सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या उघड्या सपाटीवर) फिका पडतो आणि त्याला वीजही खूप लागते. ईट्रेक्ससारख्या उपकरणांचा पडदा उन्हाचाच प्रकाश परतवून अधिक स्पष्ट होतो, मात्र दाट सावलीत तो काळपट वाटतो. झूमो आणि मोंटाना यांचे पडदे या दोहोंच्या मधले, व्यवहारात समाधानकारक आहेत. कोणताही पडदा दुकानाच्या दिव्याखाली पारखू नये. दुकानदाराला सांगून बाहेर उन्हात आणावा, आपलेच हातमोजे घालून आणि त्यावर पाणी शिंपडून पाहावे. व्हायझर गडद किंवा ध्रुवित काचेचा असेल, तर पडदा काही कोनांतून पूर्ण काळा दिसू शकतो, हेही तिथेच कळते.

जलरोधक म्हणजे नेमके किती?

आयपीएक्स७ या खुणेचा अर्थ, उपकरण एक मीटर पाण्यात तीस मिनिटे टिकल्याची चाचणी झाली आहे. एक्सच्या जागी सहा असेल, म्हणजे आयपी६७, तर धूळही पूर्णपणे रोखली जाते. एक्स याचा अर्थ धुळीबद्दल दावा केलेला नाही एवढाच. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबरमध्ये, तेव्हा यापेक्षा कमी दर्जाचे काही घेऊच नये. ही चाचणी स्थिर, गोड्या आणि स्वच्छ पाण्यातली असते. वेगाने येणारी सर, गाडी धुण्याच्या पंपाची धार आणि समुद्राचे खारे पाणी तिच्यात येत नाही. रबरी झाकण नीट न लावल्यास तर सगळा दर्जा व्यर्थ.

दाट रानात आणि घाटात अचूकता किती मिळते? नाविक असणे आवश्यक आहे का?

मोकळ्या आकाशाखाली साधे उपकरणही साधारण पाच मीटरांच्या आत स्थान सांगते. ढगांनी किंवा पावसाच्या सरीने यात लक्षणीय फरक पडत नाही. फरक पडतो तो ओल्या पानांच्या दाट छताने आणि कड्यांवरून परतणाऱ्या संकेतांनी. अनमोड घाटाच्या वळणांवर आपली खूण दरीत तरंगताना दिसते ती यामुळेच. उपाय दोन आहेत. एक म्हणजे जीपीएसबरोबर ग्लोनास, गॅलिलिओ आदी इतर प्रणालींचे उपग्रहही पकडणारे उपकरण घेणे, आणि दुसरा म्हणजे दोन वारंवारतांवर ऐकणारे उपकरण घेणे, जे परतलेला संकेत आणि थेट संकेत यांत अधिक चांगला भेद करते.

नाविक ही इस्रोची भारतीय प्रणाली. तिचे सुरुवातीचे उपग्रह एल५ आणि एस या पट्ट्यांतच संकेत देत होते, जे सामान्य उपकरणे ऐकतच नव्हती. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून एल१ हा सर्वपरिचित पट्टाही जोडला गेला. ती असल्यास उत्तम, पण केवळ तिच्यासाठी चांगले उपकरण नाकारण्याचे कारण मला दिसत नाही. मोटारसायकलला मीटरभराची अचूकता लागत नाही. दोन फाट्यांतला योग्य फाटा कळला की पुरे.

कोणी अक्षांश-रेखांश पाठवले तर ते टाकताना काय पाहावे?

लिहिण्याची पद्धत जुळते का ते पाहावे. पणजीचा अक्षांश दशांश अंशांत साधारण १५.४९ आहे. तो चुकून १५ अंश ४९ मिनिटे असा टाकला, तर खूण सुमारे ३६ किलोमीटर उत्तरेला सरकते आणि गोव्याची हद्द ओलांडून बांद्याच्या आसपास पोहोचते. उपकरणाच्या सेटिंगमधली आधार प्रणाली, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या चौकटीत मोजले जातात ती, डब्ल्यूजीएस ८४ हीच ठेवावी. भारतीय सर्वेक्षणाच्या जुन्या छापील नकाशांची आधार प्रणाली वेगळी असल्याने त्यांवरून घेतलेला बिंदू काहीशे मीटर दूर पडू शकतो.

वीज कुठून द्यावी?

उपकरणाची आतली बॅटरी ही राखीव समजावी आणि गाडीच्या बॅटरीवरून कायमची जोडणी करून घ्यावी. गाडीवर आधीपासून असलेला यूएसबीचा सॉकेट पुष्कळदा इतका अपुरा प्रवाह देतो की उजळ पडदा आणि चार्जिंग यांचा मेळ बसत नाही. दिवसभर जोडलेले असूनही संध्याकाळी बॅटरी उतरलेली आढळते. झूमोसारख्या उपकरणांच्या पाळण्याला बारा व्होल्टची वायर थेट जाते आणि उपकरण पाळण्यातल्या टोकांवरून वीज घेते, त्यामुळे दर वेळी वायर खोचावी लागत नाही आणि छिद्र उघडे राहत नाही. पावसाळी प्रदेशात हा मला निर्णायक फायदा वाटतो.

जोडणी करताना बॅटरीजवळच योग्य क्षमतेचा फ्यूज हवा, आणि प्रवाह चावीबरोबर सुरू-बंद होईल अशी रिले (आपोआप चालणारा विजेचा स्विच) हवी. रिलेशिवाय थेट जोडलेला पाळणा थोडी थोडी वीज खात राहतो, आणि जुलैत दोन-तीन आठवडे उभी राहिलेली गाडी मग सुरू होत नाही. खाऱ्या हवेमुळे किनारपट्टीवर जोडांना हिरवट गंज चढतो. तांब्याची टोके उघडी न ठेवता जोडांवर विद्युतरोधक ग्रीस लावून घ्यावे आणि दर पावसाळ्याआधी ते तपासावे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायर ताणली जात नाही ना, हे मेकॅनिक निघून जाण्याआधी पाहावे.

माउंट कोणता आणि कुठे लावावा?

उपकरण नजरेच्या रेषेजवळ, म्हणजे मीटरच्या वर असलेले बरे. हँडलच्या मधोमध खाली लावलेल्या पडद्याकडे पाहण्यासाठी मान झुकवावी लागते आणि तेवढ्यात खड्डा येतो. उभे राहून गाडी चालवताना छाती किंवा हेल्मेट त्यावर आदळणार नाही, हे प्रत्यक्ष उभे राहून तपासावे. पाळण्याच्या मागे ३० गुणिले ३८ मिलिमीटर अंतरावर चार छिद्रे असतील, तर ती एएमपीएस नावाची सर्वमान्य रचना आहे आणि तिच्यावर जवळजवळ कोणत्याही कंपनीचा माउंट बसतो. अशी रचना नसलेले उपकरण घेतल्यास आपण एकाच माउंटला बांधले जातो. प्लॅस्टिकचे चिमटे खाणवाटांच्या कंपनांत टिकत नाहीत, धातूचाच माउंट घ्यावा. शिवाय उपकरणाला एक मजबूत दोरी हँडलला बांधावी. ते निसटले तर तासभर चिखलात शोधण्यापेक्षा दोरीला लोंबकळलेले बरे.

फोन हँडलवर लावून चालवणे कायद्याने चालते का?

१ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार वाहन चालवताना हातातले संपर्क साधन फक्त मार्गदर्शनासाठी आणि लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येते. पत्ता टाकायचा असेल, तर गाडी कडेला घ्यावी.

संकटाच्या वेळी उपग्रहावरून संदेश पाठवणारे उपकरण सोबत ठेवावे का?

भारतात नाही. गार्मिनची इनरीच मालिका आणि त्यासारखी साधने इरिडियमसारख्या उपग्रहजालावरून संदेश पाठवतात, म्हणजे ती केवळ ऐकत नाहीत तर प्रक्षेपणही करतात, आणि परवान्याशिवाय अशी साधने बाळगणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. विनापरवाना बिनतारी यंत्र बाळगण्यावरची बंदी १९३३ च्या कायद्यापासून चालत आलेली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर असे साधन सापडल्यामुळे परदेशी प्रवाशावर पोलीस कारवाई झाली होती. काही मोंटाना आणि जीपीएसमॅप उपकरणांच्या नावामागे हलकेच एक आय जोडलेला असतो, जसे ७००आय. ते इनरीच असलेले मॉडेल. परदेशातून नातेवाइकाकडून मागवताना हे अक्षर नसलेलेच मागवावे, नाहीतर अडचणीत सापडेल तो आणणारा. फक्त संकेत ऐकणारा साधा जीपीएस हा वेगळा प्रकार आहे, तरी विमानतळावर तो सुरक्षा कर्मचाऱ्यांपासून न लपवता समोर ठेवावा.

याला पर्याय म्हणजे जुनी शिस्त. एकट्याने रानात जाऊ नये, घरी वाट आणि परतीची वेळ सांगून जावे, आणि ११२ हा क्रमांक लक्षात ठेवावा. आपल्या कंपनीचे नेटवर्क नसले तरी दुसऱ्या कंपनीच्या उपलब्ध नेटवर्कवरून फोन तो लावण्याचा प्रयत्न करतो.

नव्या गाडीत आधीपासून मार्गदर्शन असते. ते पुरेसे नाही का?

रॉयल एन्फिल्डने २०२० च्या मीटिऑर ३५० बरोबर ट्रिपर हा छोटा पडदा आणला, तो फक्त पुढच्या वळणाचा बाण दाखवतो; २०२३ च्या हिमालयन ४५० च्या गोल पडद्यावर गूगलचा पूर्ण नकाशा दिसतो. दोन्हींच्या मागे फोनच काम करतो, त्यामुळे नकाशा फोनचाच आणि मर्यादाही फोनच्याच. शहरासाठी आणि महामार्गासाठी ही सोय उत्तम आहे.

चोरी टाळण्यासाठी गाडीत बसवतात तो जीपीएस आणि हा एकच का?

नाही. तो गाडीचे स्थान सिमकार्डमार्फत मालकाला कळवतो. चालवणाऱ्याला वाट दाखवत नाही.

जुना, वापरलेला जीपीएस घ्यावा का?

घ्यावा, पण हातात घेऊन तपासल्याशिवाय नाही. मागचे झाकण फुगले असेल, तर आतली बॅटरी संपली आहे असे समजावे. पडद्याच्या चारही कोपऱ्यांत स्पर्श चालतो का, चार्जिंगचे छिद्र सैल आहे का, पाळण्याची सोनेरी टोके झिजली आहेत का आणि झाकणाचे रबर कडक झाले आहे का, ते पाहावे. पाळणा सोबत नसेल, तर तो वेगळा मिळतो का आणि केवढ्याला, हे सौदा ठरण्याआधी विचारावे, कारण जुन्या मॉडेलचे पाळणे दुर्मीळ होत जातात. आधीच्या मालकाच्या खात्यातून उपकरण मोकळे करून घेतले नाही, तर नकाशे अद्ययावत करताना अडथळा येतो.

घेतल्यानंतर पहिली चाचणी कुठे करावी?

ओळखीच्या वाटेवर. आपल्याच गावाच्या आसपासचा, थोडा डांबरी आणि थोडा कच्चा असा फेरा आखावा, त्याचा एक रूट आणि एक ट्रॅक असे दोन्ही उपकरणात टाकावेत आणि दोन्ही चालवून पाहावेत. मुद्दाम एक वळण चुकवावे आणि उपकरण काय सांगते ते ऐकावे. मग फोन विमान मोडवर टाकून तोच फेरा फोनवरही करावा. पाऊस असल्यास अधिक चांगले. हातमोजे ओले होऊ द्यावेत, नकाशा मोठा-लहान करून पाहावा, रात्रीच्या वेळी पडदा आपोआप मंद होतो का ते तपासावे. घरी आल्यावर नोंदवलेला ट्रॅक संगणकावर उघडून खऱ्या वाटेशी ताडून पाहावा. कुठे तो व्हाळातून किंवा कोणाच्या कुळागरातून गेलेला दिसतो आणि तिथे झाडी दाट होती का, हे कळले की पुढच्या वेळी पडद्यावरच्या खुणेवर किती विश्वास ठेवायचा ते ठरवता येते. ही चाचणी परत करण्याची किंवा बदलून घेण्याची मुदत संपण्यापूर्वी करावी.